होतं की झालं? : तापवून मातीतला कर्ब वाचण्याच्या पद्धतींचा आढावा

माती परीक्षणाचा अहवाल हातात पडला की बहुतेकांची नजर सामू आणि क्षारतेवरून पुढे सरकत एका ओळीवर थांबते: सेंद्रिय कर्ब. ०.५० टक्क्यांच्या खाली असेल तर कमी, ०.५० ते ०.७५ मध्यम, त्याहून अधिक असेल तर भरपूर. फेब्रुवारी २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली, तेव्हापासून बारा घटकांच्या यादीत हा रकाना देशभर छापला जातो. शेणखत किती घालायचं, पाचट कुजवायचं का, नत्राची मात्रा किती ठेवायची, हे त्या आकड्याकडे बघून सांगितलं जातं. आकडा मात्र येतो उष्णतेतून. कधी पाण्यात तीव्र आम्ल पडल्यावर उसळणाऱ्या उष्णतेतून, कधी साडेपाचशे अंशांच्या भट्टीतून, तर कधी हजार अंशांजवळच्या नळीतून.

कच्चा शेंगदाणा हुंगून पाहा, मग भाजलेला हुंगून पाहा. तो खमंग वास दाण्यात नव्हता, तव्यावर तयार झाला. दाण्यातली प्रथिनं आणि साखर नसती तर तो झालाही नसता. सेंद्रिय पदार्थ तापवून त्याची ओळख पटवणाऱ्या प्रत्येक पद्धतीपुढे हाच पेच आहे. यंत्राला जे दिसलं ते मुळात होतं, की तापवताना झालं? या क्षेत्रातले बहुतेक मतभेद शेवटी या प्रश्नाशी येऊन थांबतात, म्हणून हा आढावा तोच धागा धरून घेतला आहे.

तापवायची वेळ का आली

मातीतला सेंद्रिय पदार्थ हा एक पदार्थ नव्हे. त्यात कुजलेली पानं-मुळं असतात, सूक्ष्मजीवांची मेलेली शरीरं असतात, त्यांनी सोडलेला चिकटा असतो, कोळशाचे कण असतात आणि या सगळ्यांचे चिकणमातीला धरून बसलेले तुकडे असतात. तो पाण्यात धड विरघळत नाही, उकळून त्याची वाफ होत नाही, त्याचे स्फटिक पडत नाहीत. ओळख पटवायला रसायनशास्त्राला जे जे लागतं, त्यातलं काहीच तो सुखासुखी देत नाही.

पहिली वाट अल्कलीची. १७८६ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रान्झ आखार्ड यांनी दलदलीतल्या पीटमधून अल्कलीच्या द्रावणाने एक गडद पदार्थ काढला. (बीटापासून साखर काढण्याचा पहिला कारखाना उभारणारे आखार्ड ते हेच.) या गडद अर्कातून पुढे तीन नावं रूढ झाली. अल्कलीत विरघळून आम्लात खाली बसतं ते ह्युमिक आम्ल, दोन्हींत विरघळलेलं राहतं ते फुल्व्हिक आम्ल आणि कशातच विरघळत नाही ते ह्युमिन. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला यातलं पहिलं नाव चांगलंच ठाऊक आहे, कृषी सेवा केंद्रात ते कॅनमध्ये मिळतं. मात्र ही व्याख्या काढण्याच्या कृतीवरून केलेली आहे, रेणूच्या रचनेवरून नव्हे. त्याचे परिणाम पुढे दिसतील.

दुसरी वाट भट्टीची. तिच्याकडून तीन प्रश्नांची उत्तरं मागितली गेली: किती आहे, काय आहे आणि किती टिकेल. या क्रमानेच विषय वाढत गेला.

किती आहे?

आपल्याकडच्या प्रयोगशाळांमध्ये वर्षानुवर्षं चालत आलेली रीत वॉकली-ब्लॅक यांची, १९३४ सालची. बारीक चाळलेली १ ग्रॅम माती शंकूपात्रात घेतात. तिच्यावर १० मिलिलिटर नारिंगी पोटॅशियम डायक्रोमेट आणि मग २० मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल. पात्र इतकं तापतं की बुडाला हात लावता येत नाही, आतलं तापमान १२० अंश सेल्सियसच्या आसपास जातं. अर्धा तास ते तसंच राहू द्यायचं. मग पाणी, फॉस्फरिक आम्ल, दर्शक म्हणून डायफिनाइलअमाइन आणि ब्युरेटमधून थेंबाथेंबाने फेरस अमोनियम सल्फेट. गर्द निळा-जांभळा रंग एका थेंबात हिरवा होतो, तिथे हात थांबला पाहिजे. दोन थेंब जास्त गेले तर उत्तराचं दुसरं दशांश स्थळ हलतं. आणि आम्ल घातल्यावरच नारिंगी रंग जाऊन हिरवा आला, तर डायक्रोमेट पुरलं नाही असं समजून कमी माती घेऊन पुन्हा सुरुवात करायची.

या पद्धतीत बर्नर लागत नाही, हेच तिचं यश. १९२७ मध्ये शोलेनबर्गर यांनी डायक्रोमेटचं मिश्रण बाहेरून १७५ अंशांपर्यंत तापवण्याची रीत सांगितली होती. वॉकली आणि ब्लॅक यांनी आम्लाच्या स्वतःच्या उष्णतेवर काम भागवलं. पण उष्णता कमी, म्हणून कर्बाचा काही भाग न जळताच राहतो. त्यांच्या मोजणीत सरासरी ७७ टक्क्यांच्या आसपास कर्ब हाती लागला, म्हणून उत्तराला १.३ ने गुणायची प्रथा पडली. ही सरासरी आहे, निसर्गनियम नाही. माती बदलली, खोली बदलली, त्यात कोळसा असला, की हे प्रमाण बदलतं. शिवाय काही प्रयोगशाळा हा गुणक लावतात, काही लावत नाहीत. प्रत्यक्ष मोजलेला आकडा ०.४० असेल तर गुणकाशिवाय जमीन ‘कमी’ गटात जाते. गुणक लावला की ०.५२ होऊन तीच जमीन ‘मध्यम’ ठरते. शेतात काहीही बदललेलं नसतं.

त्यावर आणखी एक गुणक येतो. कर्बावरून एकूण सेंद्रिय पदार्थ काढायला १.७२४ ने गुणतात. सेंद्रिय पदार्थात ५८ टक्के कर्ब असतो, हे एकोणिसाव्या शतकातलं गृहीतक त्यामागे आहे आणि व्हॅन बेमेलेन यांच्या नावाने ते ओळखलं जातं. २०१० मध्ये प्रिबिल यांनी जुनी-नवी मोजमापं एकत्र तपासून बहुतेक मातींसाठी २ हा गुणक अधिक योग्य असल्याचं दाखवलं. पाठ्यपुस्तकांत मात्र १.७२४ अजून ठाण मांडून आहे.

वॉकली-ब्लॅकच्या आणखी दोन अडचणी आहेत. कोकणातल्या खार जमिनीत किंवा गोव्याच्या खाजणात क्लोराइड भरपूर असतं. तेही डायक्रोमेट खातं आणि कर्ब फुगून दिसतो. त्यावर सिल्व्हर सल्फेटचा उपाय आहे, पण तो खर्चिक. दुसरी अडचण सांडपाण्याची. डायक्रोमेटमधलं षट्संयुजी क्रोमियम विषारी आहे आणि ते मोरीत ओतून भागत नाही.

म्हणून सोपी वाटणारी भट्टी पुढे येते. वाळवलेली माती मुशीत घालून साधारण ३७५ ते ५५० अंशांवर काही तास ठेवायची आणि वजनात किती घट आली ते पाहायचं. रसायन नाही, विष नाही. तळ्यातल्या गाळासाठी ५५० अंश आणि मग कार्बोनेटसाठी ९५० अंश अशी दोन पायऱ्यांची रीत जगभर चालते. पण दख्खनच्या काळ्या मातीत हीच भट्टी फसवते. बेसॉल्टपासून झालेल्या या मातीत स्मेक्टाइट गटातली चिकणमाती भरपूर असते आणि तिच्या रचनेत वजनाच्या सुमारे ५ टक्के पाणी हायड्रॉक्सिलच्या रूपात बांधलेलं असतं. मातीत निम्मी चिकणमाती धरली तर हे पाणी मातीच्या वजनाच्या अडीच टक्के भरतं. सेंद्रिय पदार्थ जेमतेम एक-दीड टक्का. त्या पाण्याचा थोडा भाग जरी भट्टीत निघून गेला तरी घट कर्बाची की पाण्याची, हे सांगता येत नाही. जाता जाता एक गैरसमजही दूर करायला हवा: काळी माती काळी आहे म्हणजे तिच्यात कर्ब भरपूर आहे, असं नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या अनेक काळ्याभोर रानांत सेंद्रिय कर्ब एक टक्क्याच्या खालीच असतो.

तिसरी रीत संपूर्ण ज्वलनाची. ड्यूमा यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या कल्पनेवर आजची स्वयंचलित यंत्रं चालतात. चिमूटभर माती प्राणवायूत सुमारे हजार अंशांवर जाळायची आणि निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजायचा. इथे काही उरत नाही, म्हणून गुणकही लागत नाही. प्रमाण पद्धत म्हणून आज हीच मानली जाते. अडचण चुनखडीची. मातीत ५ टक्के चुनखडी असेल तर तिच्यातलाच कर्ब ०.६ टक्के भरतो, म्हणजे जवळजवळ सेंद्रिय कर्बाइतका. आधी आम्लाने चुनखडी काढावी, तर त्या आम्लात थोडा सेंद्रिय पदार्थही वाहून जातो.

काय आहे?

‘किती’ची भांडणं शेवटी आकड्यांची आहेत. खरी गुंतागुंत ‘काय’ या प्रश्नापासून सुरू होते, आणि तिथे जाळणं उपयोगाचं नाही. जळून सगळ्याचा एकच वायू होतो आणि ओळख संपते. म्हणून प्राणवायू काढून घेऊन तापवायचं. यालाच पायरोलिसिस म्हणतात. एक मिलिग्रॅमच्या आसपासचा नमुना छोट्या कपात घालून हेलियमच्या प्रवाहात ६०० अंशांच्या भट्टीत सोडतात. काही सेकंदांत मोठे रेणू तुटतात. तुकडे गॅस क्रोमॅटोग्राफच्या लांबलचक, केसासारख्या नळीतून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि मास स्पेक्ट्रोमीटर प्रत्येकाचं वजन पाहून नाव सांगतो. पडद्यावर शंभरेक शिखरांची रांग उभी राहते.

ती वाचायला शिकलं की मजा येते. लिव्होग्लुकोसान दिसलं तर सेल्युलोज होतं. ग्वायाकॉल, सिरिंगॉल दिसले तर लाकडातलं लिग्निन. (चुलीच्या धुराला जो ओळखीचा वास येतो त्यात ग्वायाकॉलचा वाटा मोठा.) इंडोल आणि पायरोल प्रथिनांकडे बोट दाखवतात, लांब साखळीचे अल्कीन मेणाकडे. पण बेंझीन आणि टोल्युईन? ते लिग्निनपासून येतात, प्रथिनापासून येतात, कोळशापासून येतात आणि गरम कपात नुसत्या जुळवाजुळवीतूनही तयार होतात. इथे ‘होतं की झालं’चा पेच उघडा पडतो.

या पद्धतीवरचा विश्वास १९९३ मध्ये शिखरावर होता. शुल्टेन आणि श्निट्झर यांनी पायरोलिसिसच्या तुकड्यांवरून ह्युमिक आम्लाच्या रेणूचं चित्र मांडलं. बेंझीनची कडी लांब साखळ्यांनी जोडलेली, तीनशेहून अधिक कार्बन अणूंची. ते चित्र पुस्तकांत गेलं. पुढच्याच वर्षी सेव्हिलच्या साइझ-हिमेनेझ यांनी पायरोलिसिसच्या मर्यादांवर दीर्घ लेख लिहिला. तापवल्यावर काही तुकडे आपसांत जुळून नवे रेणू होतात, आम्लगट कार्बन डायऑक्साइड सोडून नाहीसे होतात आणि कपाच्या तळाशी काळा कोळसा उरतो, ज्याचं यंत्राला काहीच कळत नाही. तेव्हा प्रश्नाला तिसरी बाजूही आहे: होतं, पण हरवलं.

आम्लगट वाचवायचा उपाय दोन पावलांत आला. १९८९ मध्ये चॅलिनर यांनी बहुलकांच्या विश्लेषणात टेट्रामेथिल अमोनियम हायड्रॉक्साइड वापरून दाखवलं. हे रसायन नमुन्यावर घालून तापवलं की आम्लगटांना मिथिलची टोपी बसते आणि ते न मोडता वाफ होऊन जातात. पुढे हॅचर आणि सहकाऱ्यांनी हीच रीत सुमारे ३०० अंशांवर माती आणि ह्युमिक आम्लासाठी रुळवली. आधी न दिसणारी मेदाम्लं आणि लिग्निनची आम्लं दिसू लागली. पण लिग्निनला स्वतःचेही मिथिल असतात. मूळचा कुठला आणि आपण बसवलेला कुठला? त्यासाठी कार्बन-१३ची खूण लावलेलं तेच रसायन वापरून दोन्ही वेगळे काढण्याची युक्ती निघाली. युक्ती सुरेख आहे, खिशाला मात्र परवडत नाही.

हा पेच पृथ्वीपुरता नाही. १९७६ मध्ये व्हायकिंग यानांनी मंगळावरची माती ५०० अंशांपर्यंत तापवली आणि सेंद्रिय म्हणावं असं जवळजवळ काही सापडलं नाही. क्लोरोमिथेनचा माग मिळाला, तो यान साफ करताना वापरलेल्या रसायनांचा अवशेष समजला गेला. २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट आढळलं. परक्लोरेट तापलं की प्राणवायू आणि क्लोरीन सोडतं. मग जुन्या निकालांकडे पुन्हा पाहिलं गेलं: सेंद्रिय पदार्थ नव्हताच, की भट्टीतच जळला? क्युरिऑसिटी रोव्हरने २०२० मध्ये गेल विवरात टेट्रामेथिल अमोनियम हायड्रॉक्साइडचाही प्रयोग केला.

किती टिकेल?

तिसरा प्रश्न तेलाच्या शोधातून मातीत आला. फ्रान्सच्या पेट्रोलियम संस्थेत एस्पितालिए आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये रॉक-इव्हल ही पद्धत मांडली. खडकाचा चुरा आधी ३०० अंशांवर तापवायचा, म्हणजे त्यात तयार असलेलं तेल निघतं. मग ६०० च्या पुढे नेत जायचं, म्हणजे अजून तेल व्हायचं बाकी असलेला केरोजेन तुटतो. सर्वाधिक हायड्रोकार्बन ज्या तापमानाला निघतात ते तापमान खडक किती ‘पिकला’ हे सांगतं. ४३५ अंशांच्या आसपास तेलाची खिडकी उघडते. मुंबई हायसारख्या क्षेत्रांना तेल पुरवणारे जनक खडक ओळखताना अशी मोजमापं नित्याची झाली आहेत.

मातीवर हे यंत्र चालवणाऱ्यांची अपेक्षा वेगळी होती. पॅरिसच्या २०१५ च्या हवामान परिषदेत ‘हजारी चार’ हा उपक्रम पुढे आला. दरवर्षी मातीतला कर्ब हजारी चारने वाढवायचा, अशी ती आकांक्षा. कार्बन क्रेडिटचा व्यवहारही आला. तेव्हापासून कर्ब किती, एवढं पुरेना. तो दहा वर्षांत उडून जाणारा आहे की शतकभर राहणारा, हेही हवं झालं. सेसिलों, बारे आणि सहकाऱ्यांनी रॉक-इव्हलच्या आलेखावरून शतकभर टिकणाऱ्या कर्बाचा वाटा सांगणारं संगणकीय प्रारूप बसवलं. त्याचा पाया काही विलक्षण चिकाटीच्या प्रयोगांत आहे. व्हर्सायला १९२८ पासून काही वाफे मुद्दाम उघडे ठेवलेत, एक गवताची काडी उगवू दिलेली नाही. नवा कर्ब येत नाही, जुना हळूहळू संपतो, आणि शेवटी उरतो तो हट्टी कर्ब.

अशा पाच ठिकाणच्या, २७ ते ७९ वर्षं उघड्या ठेवलेल्या मातींचा अभ्यास २०१६ मध्ये आला. उरलेला हट्टी कर्ब अधिक तापमानाला जळतो, कमी ऊर्जा देतो आणि त्यात हायड्रोजन कमी असतो. पण सगळीकडे सारखी अशी रासायनिक ओळख त्याला नाही. उष्णतेची ओळख आहे, नावाची नाही. मला हा निष्कर्ष या विषयातला सगळ्यात विचार करायला लावणारा वाटतो.

शेजारीच आणखी एक रीत वाढते आहे. नमुना हळूहळू तापवत न्यायचा, प्रत्येक टप्प्यावर निघालेला वायू वेगळा साठवायचा आणि त्याचं कार्बन-१४ वय काढायचं. २००८ मध्ये रोझेनहाइम आणि सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकाच्या गाळावर ती वापरली. एकाच चमच्यातल्या गाळात तरुण आणि हजारो वर्षं जुना असे दोन्ही कर्ब होते, आणि जुना सहसा जास्त तापमानाला बाहेर पडला. २०१९ मध्ये हेमिंग्वे आणि सहकाऱ्यांनी अशाच मोजमापांवरून मांडलं की कर्ब दीर्घकाळ टिकतो तो मुख्यतः खनिजांनी धरून ठेवल्यामुळे.

आज मतं कुठे आहेत

२०११ मध्ये श्मिट आणि सहकाऱ्यांनी आणि २०१५ मध्ये लेमन आणि क्लेबर यांनी जुनं चित्र हलवलं. त्यांचं म्हणणं असं: ह्युमिक आम्ल म्हणून मातीत स्वतंत्र काही नाही. सामू १३ च्या अल्कलीत माती भिजवली की ते आपण तयार करतो. मातीत असतात ते वनस्पती आणि सूक्ष्मजीवांचे लहान-लहान होत जाणारे तुकडे. ते टिकतात कारण चिकणमातीने धरले आहेत किंवा सूक्ष्मजीव तिथवर पोचत नाहीत. दुसऱ्या बाजूला ओल्क आणि इतर अनेकांनी २०१९ मध्ये उत्तर दिलं: अल्कलीचा अर्क पिकाच्या पोषणाशी, प्रदूषकांच्या वागण्याशी जुळतो. शिवाय पाण्यातले असे पदार्थ अल्कलीशिवायही मिळतात, मग ते निव्वळ कृत्रिम कसे म्हणायचे?

गंमत अशी की पायरोलिसिसचा पुरावा दोन्ही पक्ष वापरतात. एक पक्ष म्हणतो, ह्युमिक आम्ल तापवल्यावर लिग्निन, साखर, प्रथिन आणि मेण यांचेच तुकडे निघतात, नवीन काही नाही. दुसरा म्हणतो, नवीन जोडण्या पहिल्यांदा तुटतात किंवा कपातल्या कोळशात अडकतात, तुम्हाला दिसणार कशा? दोन्ही युक्तिवाद सुसंगत आहेत, आणि केवळ अधिक तापवून या वादाचा निकाल लागेल असं दिसत नाही. त्यासाठी केंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदनासारख्या, नमुना न मोडणाऱ्या पद्धतींची जोड लागते.

टिकाऊपणाबद्दलही दोन मतं आहेत. उष्णतेला दाद न देणारा कर्ब सूक्ष्मजीवांनाही दाद देत नाही, असं एक मत. त्यावर आक्षेप असा की जिवाणू मातीला भट्टीत घालत नाही. त्याची विकरं तीस अंशांवर काम करतात. चिकणमातीला घट्ट चिकटलेली साधी साखर शंभर वर्षं टिकू शकते, आणि तापवल्यावर तीच चिकणमाती उत्प्रेरक होऊन तुकड्यांचं रूप बदलते. युरोपातल्या उघड्या वाफ्यांनी पहिल्या मताला बळ दिलं, पण ती प्रारूपं मुख्यतः युरोपातल्या मातींवर बसवलेली आहेत. फुगणाऱ्या, चुनखडीच्या काळ्या मातीसाठी ती वापरायची तर इथल्याच जुन्या प्रयोगांवर घासून पाहावी लागतील. अकोला आणि परभणीच्या कृषी विद्यापीठांत दीर्घकालीन खत प्रयोग चालू आहेत. सुरुवात तिथल्या साठवलेल्या नमुन्यांपासून करता येईल.

कोळशाचा प्रश्न तर जवळजवळ जागेवरच आहे. रान जळतं, पाचट जळतं, तो कोळसा मातीत राहतो. ३७५ अंशांवर २४ तास ठेवून जे उरेल तो कोळसा, अशी एक व्याख्या आहे. पण तेवढ्या वेळात न जळलेल्या सेंद्रिय पदार्थाचाही थोडा कोळसा होतो, आणि खऱ्या कोळशातला कोवळा भाग जळून जातो. पद्धती बदलल्या की एकाच नमुन्यातल्या कोळशाचं प्रमाण कितीतरी पटींनी बदलतं, हे २००७ च्या आंतरराष्ट्रीय तुलनेत दिसलं होतं.

शेतकऱ्याच्या कागदापुरतं बोलायचं तर यातला बराच वाद दूरचा आहे. पण एक गोष्ट आजच करता येते. माती परीक्षणाच्या अहवालात कर्बाच्या आकड्याशेजारी पद्धत आणि लावलेला गुणक छापायला अर्धी ओळ पुरते. ती नसेल तर प्रयोगशाळेत विचारून कागदावर पेनने लिहून घ्या, आणि पुढच्या वेळी माती त्याच पद्धतीने तपासून घ्या. वेगळ्या पद्धतींनी आलेले दोन आकडे एकमेकांतून वजा करता येत नाहीत.